दिशा कुणी ठरवली?

लोणारला विवर पाहायला गेलेला माणूस वेळ काढून मोठ्या मारुतीलाही जाऊन येतो. मारुती इथे उभा नाही, आडवा आहे. मूर्तीचा दगड चुंबकीय आहे असे गावात सांगतात. कुणी हौशी मंडळी होकायंत्र बरोबर नेतात, काटा जागचा हलला की खूश होतात, आणि पाठोपाठ ठरलेले वाक्य येते: हा दगड वरून पडलेला. दगड चुंबकीय आहे, याबद्दल माझी तक्रार नाही. 'वरून पडलेला' मात्र पटत नाही. बुलढाणा जिल्ह्याचा बराचसा भाग ज्या काळ्या पाषाणावर वसला आहे त्यात मॅग्नेटाइट असतेच. मेहकरकडच्या एखाद्या विहिरीतून निघालेला दगड होकायंत्राजवळ धरला तर तोही काट्याला थोडेफार छळू शकतो. त्यासाठी आकाशाची साक्ष काढायची गरज नाही.

विवर आघातानेच झाले, हे खरेच. पण त्याचा पुरावा वेगळा आहे. तळाशी विंधणी घेऊन काढलेल्या खडकात तीव्र आघाताशिवाय तयार न होणारी काच सापडली आणि १९७३ साली 'सायन्स' नियतकालिकात ते प्रसिद्ध झाले. तोवर लोणार ज्वालामुखीचे मुख आहे असे मानणारे भूवैज्ञानिक काही थोडे नव्हते. त्या वादावर मराठीत बरेच लिहून झाले आहे, ते इथे पुन्हा उगाळत नाही. मारुतीच्या दगडापाशी थांबायचे कारण निराळे आहे. या दगडाला दिशा आहे. ज्या नियमांनी तो घडला त्या नियमांना मात्र दिशा नाही. नियमात नसलेली गोष्ट दगडात आली कुठून? हा प्रश्न विवराहून जुना आहे आणि विवराहून खोलही. या पुस्तकाचा विषय तोच.

साडेसहा कोटींहून थोडी अधिक वर्षे झाली असतील. दख्खनच्या पठारावर लाव्हाचे थरावर थर पसरत होते. लाव्हा बाहेर येतो तेव्हा त्याचे तापमान हजार-अकराशे अंश सेल्सिअसच्या पुढे असते. तो थिजून दगड होतो, तरी अजून चुंबक होत नाही. शुद्ध मॅग्नेटाइट सुमारे ५८० अंशांच्या खाली उतरल्यावरच चुंबकीय होते. त्यात टायटॅनियम मिसळलेले असेल तर आणखी खाली. त्या तापमानाच्या वर प्रत्येक लोहअणू स्वतः एक इवलासा चुंबक असतो, पण उष्णतेच्या धुमाकुळात कुणाचे तोंड कुणीकडे याला धरबंध नसतो. त्याच्या खाली शेजारी शेजाऱ्याला धरून राहतो आणि सगळ्या कणाला मिळून एक रोख येतो. स्फटिकाच्या रचनेमुळे आणि कणाच्या आकारामुळे काही रेषा सोयीच्या असतात हे मान्य. पण त्या रेषेवर इकडे की तिकडे, यात नियम काडीचाही भेद करत नाही. दोन्ही टोकांची ऊर्जा अगदी सारखी. तरी दगड एक टोक धरतो. यालाच भौतिकशास्त्र उत्स्फूर्त सममितीभंग म्हणते: नियमांत सममिती शाबूत राहते, आणि त्याच नियमांनी घडलेल्या वस्तूत ती राहत नाही.

पुस्तकाच्या शीर्षकात 'क्वांटम' शब्द आहे म्हणून वाचक कदाचित अणूच्या आतल्या एखाद्या दुर्मिळ घटनेची वाट पाहत असेल. तशी वाट पाहायचे कारण नाही. नील्स बोर यांनी १९११ साली आपल्या प्रबंधात आणि हेन्ड्रिका फान लेवेन यांनी १९१९ साली स्वतंत्रपणे दाखवून दिले की न्यूटनच्या यामिकीवर उभ्या असलेल्या उष्णतागतिकीत समतोलातल्या पदार्थाचे चुंबकत्व शून्य निघते. म्हणजे जुने भौतिकशास्त्र खरे असते तर लोणारचा दगडच काय, होकायंत्राचा काटाही शक्य नव्हता. शेजारी अणू एकमेकांना का धरून राहतात याचे उत्तर हायझेनबर्ग यांनी १९२८ साली दिले, आणि ते पूर्णपणे क्वांटम सिद्धान्तातले आहे. शेतातला काळा दगड हा क्वांटम सिद्धान्ताचा साक्षीदार आहे. प्रयोगशाळेतली थंड उपकरणे त्या मानाने फार अलीकडची.

दगडाने धरलेली दिशा वाचता येते, हे विसाव्या शतकाच्या मध्याला इथेही दिसून आले. क्लेग, डॉइच आणि ग्रिफिथ्स या इंग्लंडमधल्या त्रयीने १९५६ साली दख्खनच्या खडकांचे चुंबकत्व मोजून प्रसिद्ध केले. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत सहस्रबुद्धे आणि राधाकृष्णमूर्ती यांनी ते काम पुढे नेले. पद्धत ऐकायला साधी आहे. दगड जागेवरून सोडवण्याआधी त्याच्यावर उत्तर दिशा आणि उतार आखून घ्यायचा. ती खूण राहिली तर दगड बोलतो. ती विसरलात तर तो तुमच्या हातात नुसता वजन म्हणून उरतो. मग प्रयोगशाळेत त्याचे चुंबकत्व मोजायचे. भूचुंबकीय क्षेत्र जमिनीशी किती कोन करते हे अक्षांशावर ठरते, त्यामुळे दगडातल्या कोनावरून तो थिजला तेव्हा कुठे होता हे काढता येते. दख्खनच्या दगडांनी दिलेले उत्तर त्या काळी अनेकांना धक्का देणारे होते: ही जमीन तेव्हा विषुववृत्ताच्या बरीच दक्षिणेला होती. खंड सरकतात ही कल्पना तोवर पुष्कळांना थट्टेचा विषय वाटत असे.

इथे चाणाक्ष वाचक मला अडवील, आणि अडवावेच. दगडाने पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा उचलली, मग 'उत्स्फूर्त' कसले? कारण समोरच आहे की! बरोबर, पण त्या कारणाचा जोर तपासू. ५८० अंशांना एका अणूच्या वाट्याला येणारी उष्णतेची धडपड आणि त्याच अणूतल्या एका इलेक्ट्रॉनच्या फिरकीवर पृथ्वीच्या क्षेत्राचा होणारा परिणाम, या दोन ऊर्जांची तुलना केली तर पहिली दुसरीच्या सुमारे अडीच कोटी पट भरते. सुटा इलेक्ट्रॉन पृथ्वीच्या क्षेत्राला भीक घालणार नाही. तरी अब्जावधी अणूंचा कौल एका बाजूला झुकतो, कारण अणू एकमेकांना आधीच बांधलेले असतात आणि निर्णय कुठल्या तरी बाजूने व्हायचाच असतो. क्षेत्राने तो निर्णय घडवला नाही, नुसता बोट दाखवून वळवला.

आणि हे बोट तरी कुणी वळवले? पृथ्वीच्या गाभ्यातल्या वितळलेल्या लोखंडाच्या हालचालीतून हे क्षेत्र निर्माण होते. त्या हालचालीची समीकरणे अशी आहेत की क्षेत्राची दिशा पूर्ण उलटी केली तरी त्यांच्यात काही बदलत नाही. उत्तर इकडे की तिकडे, याचे त्यांना सोयरसुतक नाही. म्हणूनच पृथ्वीने ही दिशा भूतकाळात शेकडो वेळा फिरवली आहे, शेवटची सुमारे ७ लाख ८० हजार वर्षांपूर्वी. दख्खनच्या अनेक थरांत आजच्या उलट दिशा नोंदलेली आहे, आणि काही थरांत आजच्यासारखी. लोणारच्या विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते आणि आर्गॉनच्या पद्धतीने सुमारे ५ लाख ७० हजार. दोन आकड्यांत दहापटीहून जास्त फरक, पण दोन्हींपैकी कोणताही खरा धरला तरी खड्डा पडला तो आजच्या दिशेच्या राज्यात. खडक मात्र त्याआधीच्या कितीतरी राजवटी पाहून बसलेला. दगडाच्या पक्षपाताचे कारण शोधायला एक पायरी मागे जावे, तर तिथे तसाच दुसरा पक्षपात बसलेला सापडतो.

पिएर क्यूरी यांनी १८९४ साली एक तत्त्व मांडले: परिणामात जी असममिती दिसते ती कारणात कुठेतरी असलीच पाहिजे. गंमत अशी की चुंबकत्व ज्या तापमानाला नाहीसे होते त्यालाही आज क्यूरींचेच नाव आहे. त्यावरचा त्यांचा प्रबंध १८९५ चा, तत्त्व आणि त्याची सर्वांत अवघड परीक्षा यांच्यामध्ये जेमतेम एक वर्ष. तत्त्वाची दुसरी बाजू कमी उद्धृत होते: परिणाम कारणाहून अधिक सममित असू शकतो. त्याचे उदाहरणही बुलढाण्यातच आहे. लोणारवर आलेली उल्का तिरपी आली असावी, असे काही संशोधक बाहेर फेकल्या गेलेल्या मलब्याच्या विषम पसरणीवरून म्हणतात. तरी सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर जवळजवळ वर्तुळाकार आहे, कारण इतक्या वेगाच्या आघातात उल्केची ऊर्जा स्फोटासारखी मोकळी होते आणि ती कुठून आली हे बऱ्याच अंशी पुसले जाते. म्हणजे एकाच गावात कारणातली दिशा विसरलेला खड्डा आहे आणि कारणात जेमतेम असलेली दिशा कोट्यवधी वर्षे न विसरलेला दगड.

हा प्रश्न आपल्याकडे नवा नाही. सांख्यांच्या मते सत्त्व, रज आणि तम यांची साम्यावस्था म्हणजे प्रकृती, आणि ते साम्य ढळले की सृष्टीची सुरुवात. टिळकांनी गीतारहस्यात ही मांडणी हेकेलच्या उत्क्रांतिवादाशेजारी आणून ठेवली, त्यामुळे मराठी वाचकाला ती परकी वाटू नये. शंकराचार्यांनी ब्रह्मसूत्रभाष्याच्या दुसऱ्या अध्यायात, दुसऱ्या पादात, तिच्या नेमक्या दुखऱ्या जागेवर बोट ठेवले: तिन्ही गुण खरोखर सम असतील आणि त्यांना ढवळणारे बाहेरचे कुणी नसेल, तर साम्य ढळेल कशाने? हा क्यूरींचाच प्रश्न. कपिलमुनींना हिग्ज क्षेत्र ठाऊक होते असे कुणी म्हणायला लागले तर मी तिथून उठून जाईन. पण पुरेशा कारणाशिवाय काही घडू नये, ही बुद्धीची मागणी सगळ्या परंपरांत एकाच ठिकाणी अडते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. आजच्या भौतिकशास्त्राचे उत्तर सांख्यांच्या बाजूला झुकते, पण सांख्यांनाही आवडणार नाही अशा पद्धतीने: साम्याची अवस्थाच अस्थिर असेल तर ढळण्याला नगण्य निमित्तही पुरते, आणि निमित्त कोणते याला परिणामाच्या स्वरूपात काही स्थान नसते.

इथपर्यंत आलो तरी क्वांटम सिद्धान्ताची खरी अडचण अजून पुढेच आहे. वर म्हटलेल्या दगडाच्या कणाला 'इकडे' आणि 'तिकडे' अशा दोन अवस्था आहेत. क्वांटम सिद्धान्त सांगतो की दोन अवस्था शक्य असतील तर त्यांचे मिश्रणही शक्य. इतकेच नव्हे, एकीतून दुसरीत जाण्याची वाट उघडी असेल तर किमान ऊर्जेची अवस्था म्हणजे दोन्हींचे सममित मिश्रणच. अमोनियाच्या रेणूत नायट्रोजन हायड्रोजनच्या त्रिकोणाच्या या बाजूला की त्या बाजूला, याचे उत्तर 'दोन्हींकडे' असे आहे. तो रेणू सेकंदाला सुमारे २४ अब्ज या गतीने उलटसुलट होतो. फिलिप अँडरसन यांनी १९७२ सालच्या आपल्या गाजलेल्या निबंधात अमोनियापासून साखरेपर्यंत चढत जाऊन दाखवले की रेणू वाढला की ही उलटापालट बंद पडते. साखरेचा रेणू उजवा तर उजवाच. मग सममिती मोडली कुठे? कोणत्या अणूला?

गणिती उत्तर ठाम आहे आणि थोडे उद्धटही: मर्यादित आकाराच्या व्यवस्थेत ती मोडतच नाही. स्टोन आणि फॉन नॉयमन यांच्या १९३० च्या सुमाराच्या प्रमेयानुसार मोजक्याच घटकांच्या व्यवस्थेचे क्वांटम वर्णन मुळात एकच असते. घटक अनंत असतील तरच एकमेकांत रूपांतर न होणारी वेगवेगळी वर्णने निर्माण होतात, आणि 'इकडे' व 'तिकडे' ही दोन स्वतंत्र जगे होतात. तत्त्वज्ञांच्या एका गटाने यातून असा निष्कर्ष काढला की कुठलाही खरा दगड अनंत नसल्याने सममितीभंग हे आपल्या हिशेबाच्या सोयीसाठी केलेले सोंग आहे. दुसरा गट म्हणतो, सोंग कसे? दगड तर समोर आहे.

माझे मत दुसऱ्या गटाकडे जाते, पण त्यांच्या कारणासाठी नव्हे. लुई नील यांनी १९४९ साली खडकांतल्या बारीक चुंबकीय कणांसाठी एक सूत्र दिले. उष्णतेच्या धडपडीत कणाची दिशा आपोआप उलटायला किती वेळ लागेल, हे ते सांगते. तो वेळ कणाच्या घनफळाबरोबर घातांकी वेगाने वाढतो. मॅग्नेटाइटचा तीसेक नॅनोमीटरचा कण घ्या. त्यात लोखंडाचे अणूच दहा लाखांच्या आसपास. समजा नेहमीच्या तापमानाला तो दर मिनिटाच्या हिशेबाने उलटतो. आता कणाचा व्यास फक्त एक तृतीयांशाने वाढवा. तोच वेळ अब्ज वर्षांच्या घरात जातो. पृथ्वीचे वय साडेचार अब्ज. कणांमधला फरक डोळ्यांना काय, साध्या सूक्ष्मदर्शकालाही दिसणार नाही. एक विसरभोळा आणि दुसऱ्याची आठवण डायनासोरांच्या अंताहून जुनी. दगडातले सगळेच कण इतके बारीक नसतात, पण जुनी दिशा सर्वांत इमानाने सांभाळतात ते हेच.

नीलचे सूत्र उष्णतेचे आहे. क्वांटम बोगद्यातून पलीकडे जाण्याचा हिशेब वेगळा, याची मला जाणीव आहे. पण आकार वाढला की वेळ घातांकाने पळतो, ही चाल दोन्हींत तीच. अनंताचे प्रमेय त्या पळण्याचे टोक लिहिते. सममितीभंगातली अनंतता ही माझ्या मते जागेची किंवा संख्येची नाही, वेळेची आहे. 'कधीच उलटणार नाही' हे वाक्य तंतोतंत खरे व्हायला अनंत कण लागतात. ते अब्ज वर्षांपुरते खरे व्हायला तीस ऐवजी चाळीस नॅनोमीटर पुरतात. तत्त्वज्ञानाने या दुसऱ्या आकड्याला पहिल्याइतकाच मान द्यायला हवा, आणि तो आजवर दिला गेलेला नाही. पुस्तकाची मधली चार प्रकरणे या एका म्हणण्याभोवती फिरतात. मिश्रण शक्य असूनही आपल्याला कधी आढळत का नाही, हा मोजमापाचा जुना प्रश्नही तिथेच येतो. तो सुटला असा दावा मात्र मी केलेला नाही.

उत्तरार्ध कणभौतिकीचा आहे. योइचिरो नाम्बू यांनी १९६० च्या सुमारास अतिसंवाहकातली कल्पना उचलून निर्वात अवकाशालाच लावली, अँडरसन यांनी तिच्यातली एक अडचण कशी टळते ते सुचवले, आणि १९६४ साली ब्राऊट व आंग्लेर, हिग्ज, तसेच गुराल्निक, हेगन व किबल अशा तीन गटांनी तिला आकार दिला. प्रोटॉनच्या सुमारे ८५ पट वस्तुमानाचा डब्ल्यू बोसॉन हिग्ज क्षेत्रामुळेच जड. ४ जुलै २०१२ रोजी हिग्ज कण सापडल्याचे जाहीर झाले. या कणाचे गुणधर्म कसे तपासायचे यावर आयुष्य वेचलेल्या रोहिणी गोडबोले पुण्याच्या, हुजूरपागेच्या विद्यार्थिनी. २०२४ साली त्या गेल्या. मराठी शाळेतून निघून या विषयाच्या मध्यभागी पोहोचता येते याचा दाखला शोधणाऱ्यांनी लांब जाऊ नये.

पण इथे लोणारचा दगड मला सोडून जातो, हे आधीच सांगितलेले बरे. हिग्ज क्षेत्राची पुस्तके हमखास चुंबकाचे उदाहरण देतात. चुंबकाची दिशा मोजता येते: खूण करा, उपकरणात ठेवा, वाचा. हिग्ज क्षेत्राने धरलेली 'दिशा' मोजायची कुठलीही युक्ती नाही, कारण तिथली सममिती जगाची नसून आपल्या वर्णनाची आहे. एकाच वस्तुस्थितीला लिहिण्याच्या अनेक पद्धती. एलिट्झर यांनी १९७५ साली सिद्ध केले की अशी स्थानिक सममिती उत्स्फूर्तपणे मोडूच शकत नाही. मग पाठ्यपुस्तके ती 'मोडली' म्हणतात ते काय? आणि डब्ल्यू बोसॉन तरी जड आहे, हे तर यंत्रांनी मोजलेले. या कोड्यावर भौतिकशास्त्रज्ञ खांदे उडवतात आणि तत्त्वज्ञ ग्रंथ लिहितात. दोघांचेही वागणे मला समजते, पटत मात्र एकाचेही नाही.

गणिताची भीती असणाऱ्यांनी पहिली पाच प्रकरणे वाचावीत. त्यांत त्रैराशिकापलीकडे काही नाही. मिश्रणाबद्दलचे माझे मत चुकीचे वाटणाऱ्यांनी थेट सातव्याला भिडावे, तिथे माझ्या विरुद्ध बाजूचे युक्तिवाद मला जमतील तितक्या ताकदीने मांडले आहेत. एलिट्झरचे प्रमेय शेवटून दुसऱ्या प्रकरणात आहे. त्यानंतर हिग्ज क्षेत्रात मोडते ते नेमके काय, याचे एक उत्तर मी सुचवले आहे, आणि ते ज्यांना पटणार नाही त्यांची यादी माझ्याच टेबलापासून सुरू होते.